पाठीवरचा दोरा

आमच्या भूगोलाच्या बाईंना नकाशा म्हणजे जीव की प्राण. वर्गात आल्या की आधी फळ्याच्या खिळ्याला नकाशा टांगायच्या, तळहाताने त्याच्या सुरकुत्या सारख्या करायच्या आणि मगच आमच्याकडे बघायच्या. शिकवायच्या अशा, की विसरू म्हटलं तरी विसरता येऊ नये. सत्तरच्या दशकातली नाशिकची ती मुलींची शाळा. मी सातवीत होते.

आमची मखमलाबादच्या बाजूला थोडी फुलशेती होती. झेंडू, शेवंती, निशिगंध. वडील पहाटे माल घेऊन पंचवटीत जायचे, आई देवळाजवळ बसून हार करायची. शाळा सुटल्यावर मी तिला दोऱ्याचं रीळ पोचवायचे, त्यामुळे माझ्या दप्तरात दोरा कायम असायचा.

त्या दिवशी बाईंनी जिल्ह्याचा नकाशा टांगला आणि विचारलं, "पट्टी सरळ. नदी वाकडी. मग नदी मोजायची कशी?"

एकीने पट्टी तिरकी करून बघितली. बाई म्हणाल्या, "दोरा आहे का कुणाकडे?"

मी उभी राहिले. सगळ्यांच्या आधी आपल्याकडे काहीतरी निघालं, याचा मला केवढा आनंद झाला होता.

बाईंनी हातभर दोरा तोडला, पाण्यात भिजवला आणि चिमटीत धरून निपटला. ओला दोरा कागदाला धरून राहतो, वळणावर उचलत नाही, असं त्यांनी सांगितलं. त्र्यंबकपासून त्यांनी तो गोदावरीच्या निळ्या रेघेवर बसवत आणला. प्रत्येक वळणाला बोटाने दाबायचा, मग पुढे सरकायचं. नाशिक, मग निफाडच्या अंगाला. शेवटी दोऱ्यावर शाईचा ठिपका दिला, दोरा उचलून सरळ केला आणि नकाशाच्या कोपऱ्यातल्या प्रमाणपट्टीला लावला. किती किलोमीटर ते निघालं. मग त्याच दोन गावांमध्ये पट्टी ठेवून सरळ अंतर काढलं. ते कितीतरी कमी भरलं.

"कमी का?" पुढच्या बाकावरची एकजण म्हणाली. "गावं तर तीच आहेत ना, बाई?"

बाईंनी पुन्हा सांगितलं. तरी तिला कळेना. आणखी दोघी-तिघींनी माना हलवल्या. बाईंना चिडायची सवय नव्हती, उदाहरण शोधायची होती. त्यांची नजर बाकांवरून फिरली आणि माझ्यावर थांबली.

माझा उजवा खांदा वर होता. पाठीचा कणा मध्येच एका अंगाला जाऊन खाली परत यायचा. घरी सगळे म्हणायचे, फुलांची टोपली एकाच बाजूला घेते म्हणून पोर वाकडी चालते. आईचं एकच पालुपद, "नीट चाल गं, नीट चाल."

"ये इकडे," बाई म्हणाल्या. "वर्गाकडे पाठ कर."

मी केली. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला त्यांनी बोलावलं आणि दोऱ्याचं खालचं टोक माझ्या कमरेशी धरायला लावलं. वरचं टोक मानेच्या हाडावर. मधला दोरा त्यांनी झंपरवरून कण्याच्या वळणावर दाबत-दाबत बसवला. दोरा अजून ओला होता, त्याचा गारवा कापडातून आत उतरला. मग लाकडी पट्टी मानेपासून कमरेपर्यंत सरळ धरली.

"ही पट्टी म्हणजे दोन गावांतलं अंतर. हा दोरा म्हणजे नदी. बघा, बोटभर जास्त आहे. आता कळलं?"

"कळलं, बाई!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीलासुद्धा कळलं. कुणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळ्याच हसल्या. बाईंनी टेबलावर डस्टर आपटला. "हसायचं नाही. शास्त्र आहे हे."

मधल्या सुट्टीत माझं नाव गोदा पडलं. "गोदाला पूर आला," "गोदा, सरळ वाह ना गं." मैत्रिणीने दुसऱ्या दिवशी बाक बदलला. मी विचारलं तर म्हणाली, "मला पण तुझ्याबरोबर चिडवतील." खरंच होतं ते. तिच्यावर रागावताही आलं नाही.

काही महिने गेले. शाळेची तपासणी ठरली आणि बाईंना तपासणीला येणाऱ्या साहेबांसमोर नमुना पाठ घ्यायचा होता. त्यांनी तोच पाठ निवडला. मला बोलावून सांगितलं, "त्या दिवशी स्वच्छ धुतलेला झंपर घाल. जाड कापडाचा नको, दोरा नीट बसत नाही."

मी घरी येऊन आईसमोर रडले. आई दुसऱ्या दिवशी फुलांची पुडी घेऊन शाळेत आली. मला वाटलं, आता सुटले.

"बाई, पोरीला कुणी हसाया नको," ती व्हरांड्यात उभं राहून म्हणाली.

"अहो, हसतंय कोण? साहेबांसमोर उभं राहायचा मान मिळतोय तिला. एवढ्या मुलींतून मी हिला निवडलं."

आईने पदर सावरला. "मंग चालंल. तुमी म्हणाल तसं."

परतताना पुलावर मी तिचा हात ओढला. "आई, मला नाय जायचं."

"गप. मास्तरीण लय मोठी बाई हाय. उगा तोंड वाकडं करू नको."

मग मी माझा उपाय काढला. विहिरीजवळ पेरूचं झाड होतं. रोज सकाळी वडील मालाला गेले की मी त्याच्या फांदीला दोन्ही हातांनी लोंबकळायचे. हात सुटेपर्यंत. अंगाला रग लागायची, काखा ठणकायच्या. माझा हिशोब साधा होता. पाठ सरळ झाली की दोरा आणि पट्टी सारखीच भरेल. बाई साहेबांसमोर दोरा लावतील आणि फरक निघणारच नाही. त्यांचा चेहरा कसा होईल, हे मी लोंबकळताना बघत असायचे. तेवढंच एक सुख होतं.

तपासणीच्या दिवशी मी स्वतःच्या पायांनी फळ्याजवळ गेले आणि वर्गाकडे पाठ केली. मान ताठ, श्वास रोखलेला. साहेब वयस्कर होते, खुर्चीतून उठून जवळ आले.

"इथे दोरा तरंगतोय, बाई," ते म्हणाले आणि त्यांनी कण्याच्या खोलगट बाजूला अंगठ्याने दाबलं. "हां. आता बसला. पोरी, हलू नकोस."

बाईंनी पट्टी लावली. पुन्हा लावली. मला वाटलं, जिंकले मी.

"फरक दोन बोटं आला," त्या म्हणाल्या. "मागे बोटभरच होता."

"मुलगी वाढतेय. उंची वाढली असेल," साहेब म्हणाले.

"नाही साहेब. सरळ अंतर तेवढंच आहे. दोराच लांब झालाय." आणि मग मुलींकडे वळून, अगदी शिकवायच्या आवाजात, "म्हणजे काय झालं? ही जेवढी वाढली, तेवढी सगळी वाकडीच वाढली."

"उत्तम," साहेब म्हणाले. वर्गाने टाळ्या वाजवल्या. माझ्यासमोर फळा होता आणि त्यावर बाईंच्या सुबक अक्षरात 'वक्र अंतर' आणि 'सरळ अंतर'. मी ते शब्द वाचत राहिले.

तास संपल्यावर बाईंनी मला थांबवलं. गृहपाठ सांगावा तशा म्हणाल्या, "आईला सांग, पाठीचा बाक वाढतोय. दवाखान्यात दाखवायला हवं."

आईने आधी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. मग 'बाईंनी सांगितलंय' म्हटल्यावर तिने हातातला हार खाली ठेवला. सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी एक्स-रेचा फोटो उजेडाला धरून बघितला आणि ते आईवर खेकसले, "इतके दिवस झोपला होता का? अजून उशीर केला असता तर हिची फुप्फुसं दाबली गेली असती. श्वास घेता आला नसता हिला."

हनुवटीपासून कमरेखालपर्यंत प्लास्टर घातलं. नाशिकचा तो उन्हाळा मी त्या कवचात काढला. आत घामोळं आलं, खाज सुटायची, बोट पोचायचं नाही. शाळेचं वर्ष गेलं. प्लास्टरनंतर चामड्याचा, लोखंडी पट्ट्यांचा पट्टा आला. वाकलेलं सरळ झालं नाही. पण वाढायचं थांबलं.

प्लास्टर निघाल्यावर आई मला बाईंच्या घरी घेऊन गेली. निवडक शेवंतीचा हार केला होता तिने, देवाला करावा तसा.

"बाई, तुमी मोजलं म्हणून कळलं. नायतर माझी पोर गेली असती." आईचे डोळे भरून आले होते. मला तिने पाठीमागून ढकललं. "पाया पड."

मला वाकता येत नव्हतं. आईने दंडाला धरून मला गुडघ्यांवर बसवलं. बाईंचे पाय स्वच्छ होते, टाचेला भेग नाही. मी डोकं टेकवलं.

"मोठी हो," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज दाटला होता. खोटा नव्हता तो. तेच मला अजून पचत नाही.

ऐंशीच्या दशकात माझी भाची त्याच शाळेत जायला लागली. एक दिवस घरी येऊन मला म्हणाली, "मावशी, बाई दरवर्षी एक गोष्ट सांगतात म्हणे. नदी मोजायला शिकवताना त्यांनी एका मुलीचा जीव वाचवला. ती तू का गं?"

"हो."

"खरं आहे ते? वाचवला?"

"हो, खरं आहे," मी म्हणाले.

ती खूश झाली. तिच्या बाई खरं बोलत होत्या. मग तिची नजर हळूच माझ्या खांद्यावरून मागे सरकायला लागली, तशी मी उठले आणि भिंतीला टेकून बसले.