वडिलांचा मोर
ऑइलपेंटचा वास आला की मला धडगावचं स्टँड आठवतं. वडील पेंटर होते, पाट्या आणि गाड्या रंगवायचे. पण ते गेले तेव्हा त्यांच्या हातचं घरात काहीच उरलं नव्हतं. पुढे कधीतरी, रस्त्यावरची चित्रं नकाशावर दाखवणाऱ्या एका ॲपमध्ये मला त्यांचा मोर दिसला. मान वळवून मागे बघणारा मोर आमच्याकडे तेच काढायचे. फोटोत नुसता मोर आणि भोवती निळा रंग, नकाशावरची खूण धडगावच्या स्टँडवर. दुसऱ्याच दिवशी शहाद्याहून निघालो. भरलेल्या जीपमध्ये सगळ्यात शेवटी शिरलो, कुणीतरी बाहेरून दार आदळलं, आणि त्या दाराला पाठ टेकून मी घाटभर पेंगत राहिलो. उतरलो तशी मोबाइलला रेंज आली आणि ॲप सांगायला लागलं की तुम्ही पोचलात. स्क्रीनमध्ये डोकं घालून, भर उन्हात एकेक भिंत बघत मी सगळं स्टँड पालथं घातलं. शेवटी पाय बोलायला लागले, तेव्हा चहाच्या टपरीवर टेकलो आणि टपरीवालीला फोटो दाखवला. तिनं मला उतरताना पाहिलं होतं. “भाऊ, हाऊ मोर भितवर नही,” ती म्हणाली, “तू ज्या जीपमा उना ना, तिनाच मांगला दारवर शे. गयी ती आते.” मी चहा तसाच हातात धरून रस्त्याकडे बघत राहिलो. ती जीप मला परत कधी दिसली नाही. आजही कुठल्या जीपमध्ये बसायच्या आधी मी मागे जाऊन दार बघतो. बहुतेक दारं नुसती पांढरी असतात. तरीही मी पाठ टेकवत नाही.