डोंगर कुणाचा, हवा कुणाची?

झाडं जगोत न जगोत, आमच्या कामात किस्से मात्र बिनपाण्याचे वाढतात!

मी आणि साळवे सर नगरच्या एका संस्थेत. सर शाळेतून रिटायर होऊन इकडं आलेले. पाथर्डीकडच्या एका बोडक्या डोंगरावर जंगल उभं करायचं, हे आमचं काम. हेतू मोठा, पृथ्वीचा ताप उतरवायचा! पण गाव आमच्याकडं पहिल्या दिवसापासून बाजारातल्या भुरट्याकडं बघावं तसं बघायचं.

*

पहिल्याच ग्रामसभेत सरांनी छान समजावलं. झाडं हवेतला कार्बन ओढून घेतात, त्या बदल्यात बाहेरची एक कंपनी खर्च देते, वगैरे.

मागून बन्सीबापू उठले. गावातले सगळ्यात जुने शेतकरी. "म्हंजी आमच्या डोंगरावरली हवा तुमी इकनार?"

सर म्हणाले, "तसं नाही हो बापू..."

"न्हाई, इका की! पन वारं तेवढं हितंच ऱ्हाऊ द्या. बाजरी उफनायला लागतंय!"

अख्खी सभा हसली. बापू हसले नाहीत.

*

खड्डे कुठं घ्यायचे, यासाठी आम्ही डोंगरभर खुंट्या ठोकल्या. प्रत्येक खुंटीला लाल रिबीन. दुसऱ्या दिवशी बघतो तर एकही खुंटी जागेवर नाही!

पायथ्याला सरुबाई शेळ्या चारत होत्या. नवरा गेल्यापासून घर त्यांनी शेळ्यांवरच चालवलेलं. मी विचारलं, "मावशी, खुंट्या कुणी काढल्या?"

"मीच."

"अहो, झाडं लावायचीत तिथं!"

"रस्तेवाल्यांनी बी आदी खुंट्याच ठोकल्या हुत्या, दादा. मागनं रान गेलं माज्या भावाचं."

आम्ही परत खुंट्या ठोकल्या. यावेळी बिनरिबिनीच्या.

*

मग रोपं आली. गाडीभर गिरीपुष्प, ते झटपट वाढणारं, गुलाबी फुलांचं झाड! सरुबाईंनी एक पान तोडून शेळीपुढं धरलं. शेळीनं तोंड फिरवलं.

"बघा! जे शेळी खाईना, ते झाड माज्या काय कामाचं? आन् चरायला तर तुमी बंदी घालनार. बोर लावा, बाभूळ लावा. मोठी झाली की आमाला पाला मिळंल."

मला पटलं. मी ऑफिसला फोन लावला. मोठे साहेब सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "तुमचं बरोबर आहे हो. पण बाभूळ फोटोत चांगली दिसत नाही!"

बरंच भांडलो, तेव्हा एका उतारावर बोर-बाभूळ मिळाली. सरुबाई म्हणाल्या, "एक उतार दिला म्हंजी बाकीचा डोंगर घेतला म्हना की!"

*

कंपनीचा तपासनीस आला तो भर उन्हाळ्यात. पानं गळलेली, नुसत्या काड्या उभ्या. त्याला वाटलं, आम्ही वाळक्या फांद्याच खोचून ठेवल्यात!

सरांनी एका काडीची साल नखानं खरवडली. आत हिरवं. "बघा, जिवंत आहे."

त्याचा काही विश्वास बसेना. त्यानं दुसरी खरवडली, मग तिसरी, मग अख्खी रांग.

शेवटी सर हात जोडून म्हणाले, "साहेब, बास करा आता. दुष्काळातनं वाचलीत, तपासणीनं मरतील!"

*

पुढच्या उन्हाळ्यात मात्र निम्मी रोपं खरंच वाळली. पुन्हा तपासणी तोंडावर आलेली, वाळकी रोपं दिसली की कंपनी पैसे बंद करणार. आम्ही दोघं काळजीत.

अशात एका दुपारी मला नगरला फोन आला, डोंगराला वणवा लागलाय! मी लगेच गाडी काढली. सर वाटेत पाथर्डीच्या स्टँडवर भेटले, त्यांना मागं बसवलं. वाटभर आमचं एकच चाललेलं: हे शेळ्यावाल्यांचंच काम. गवत जाळलं की पावसाळ्यात कोवळं फुटतं ना!

वर पोचलो तर आग विझलेली. निम्मा डोंगर काळा, नेमका वाळक्या रोपांचा. सरुबाई आणि चार बाया ओल्या गोणपाटांनी शेवटचे निखारे बडवत होत्या. सरुबाईंच्या हातावर फोड, लुगड्याचा काठ जळालेला.

सरांनी हळूच विचारलं, "सरुबाई, कुणी लावली, काही दिसलं का?"

त्यांनी गोणपाट खाली टाकलं. आधी सरांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ते ऱ्हाऊ द्या. तुमी दोघं सकाळधरनं कुठं हुता?"

मी सरांकडं बघितलं. सर माझ्याकडंच बघत होते.