पेग रवंथ करेपर्यंत

इदवाल बेनन घाबरट, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. चर्चच्या आवारातल्या म्हाताऱ्या यू झाडाची छाटणी करण्यात त्याचा अर्धा जन्म गेला, तरी शिडीवर पाय ठेवताना तोंडाला कोरड पडायची. खोड आतून पोकळ होतं. झुकलेल्या फांद्यांना त्यानेच ओकाचे टेकू दिले होते. पण त्याला खरी धास्ती पाल्याची. यूचा थोडासा पालासुद्धा मेंढराचा जीव घेतो. म्हणून तो झाडाखाली ताडपत्री अंथरायचा आणि काम संपलं की थडग्यांमधून रांगत पान न् पान वेचायचा.

"इदवाल, इतका वेळ देवापुढे गुडघे टेकले असतेस तर पाद्री झाला असतास!" बायका चिडवायच्या.

त्या मार्चमध्ये वाऱ्याने ताडपत्री उलटली आणि एक फांदी भिंतीपलीकडे, नेरिस प्यूच्या कुरणात पडली. इदवाल धडपडत उतरून तिथे पोचला, तेव्हा पेग ती चघळत होती. गाभण मेंढी. नवरा गेला त्या हिवाळ्यात नेरिसने तिला, एवढंसं कोकरू असताना, चुलीशेजारी बाटलीने दूध पाजून जगवलं होतं. इदवालने हळूच भिंत ओलांडली, उरलेली फांदी उचलली आणि कोटाखाली दडवली.

"काय रे, भूत बघितलंस का?" फाटकातून नेरिस ओरडली.

"ओरडू नकोस. पेगने यू खाल्लाय."

नेरिसचा चेहरा पांढराफटक पडला. "मग हाकल ना तिला घराकडे!"

"नको! बिचकली की काळीज बंद पडतं. उतारा नाही गं याला. नुसतं शांत राहायचं."

"कुठवर?"

"रवंथ करेपर्यंत. करू लागली, की वाचली."

"आणि नाहीच केलं तर?"

इदवालने भिंतीचा आधार घेतला.

"बस खाली," ती कुजबुजली, "नाहीतर तिच्याआधी तूच कोसळशील."

दोघं भिंतीला टेकून बसली. पळत सुटावं, बोंब मारावी असं इदवालला वाटत होतं. त्याने दात घट्ट आवळून धरले. ऊन टेकडीआड गेलं. अचानक पेगने पुढचे गुडघे दुमडले आणि ती खाली गेली. नेरिसने तोंडावर हात दाबला.

पेग नीट बसली. मान वर केली. जरा वेळाने तिचा जबडा हलू लागला, डावीकडून उजवीकडे, सावकाश.

नेरिसने डोळे पुसले. "झालं. आता घाबर बाबा, हवं तेवढं घाबर."

आणि इदवाल हमसून हमसून रडला. पेगने एकदा वळून त्याच्याकडे पाहिलं आणि चघळत राहिली.