न हलणारं मळब

आजही तो प्रसंग आठवला की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते. मालवणात शास्त्र शिकवायला लागून मला जेमतेम दोन वर्षं झाली होती. तेवढ्यात वाचनालयाने ‘आपल्या शेजारच्या दीर्घिका’ या विषयावर माझं व्याख्यान ठेवलं आणि मी फुगलो.

मी सांगितलं, आपली आकाशगंगा ही एक दीर्घिका, अब्जावधी ताऱ्यांचा भोवरा. अशा दीर्घिका असंख्य आहेत आणि सगळ्या आपल्यापासून लांब पळताहेत. ‘सगळ्या’ म्हणताना मी टेबलावर मूठ आपटली.

मागच्या बाकावरून एक म्हातारा तांडेल उठला. तरुणपणी गलबत घेऊन आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत जाऊन आलेला. होड्या लोटायच्या की नाही, हे बंदरावर त्याला विचारून ठरे.

“मास्तर, थंय आफ्रिकेक रातचे दक्षिणेक मळबाचे दोन तुकडे दिसतत. वारो कितकोय येवंदे, हालणत नाय. ता काय?”

मळब म्हणजे ढग, आणि ढग वाऱ्याने हलतो, एवढंच मला ठाऊक. वर विनोद सुचला. “तांडेलानू, नांगर टाकलेला मळब मी अजून बघूक नाय!”

सभा खो-खो हसली. सर्वांत मोठ्याने मी.

दुसऱ्या दिवसापासून बंदरावर तेच. “तांडेलानू, आज मळबान नांगर खंय टाकलो?” वाऱ्याचं विचारायला त्याच्याकडे कुणी जाईना. आठवड्याभरात त्याने बंदरावर येणंच सोडलं.

दिवाळीच्या सुटीत कोल्हापुरात एक जाड इंग्रजी पुस्तक हाती आलं. त्यात फोटो होता: दक्षिणेच्या आकाशात ढगासारखे दोन पांढुरके डाग. त्या दोन छोट्या दीर्घिका निघाल्या, आपल्या अगदी लगतच्या, आपल्याच सोबत चाललेल्या. दोन पानं उलटली, तर देवयानी तारकासमूहातली मोठी दीर्घिका लांब पळत नव्हतीच, उलट आपल्याकडे येत होती. म्हणजे मूठसुद्धा मी फुकट दुखवून घेतली होती.

मालवणात परतलो आणि तडक तांडेलाच्या घरी गेलो. तो जाळं सांधत होता. म्हटलं, “तुमचंच खरं होतं.”

त्याने मान वर केली नाही. “माका कित्याक सांगतंस? माका ठावकच होता. चार लोकांत हसलंस, चार लोकांत सांग.”

पुन्हा व्याख्यान ठेवलं. आली सात माणसं, हसणाऱ्यांपैकी एक नाही. मास्तरची चूक ऐकायला कोण चपला झिजवतो! तांडेल दारातच थांबला. रिकामे बाक बघून म्हणाला, “हसणारे खंय आसत?” आणि चालता झाला.

माझं डोकं भडकलं. सकाळी मासळीचा लिलाव चालू असताना मी एका पालथ्या होडीवर चढलो आणि ओरडलो, “तांडेलाचा मळब खरा आसा! गलबताच्या मागे होड्या बांधतात ना, तशा दोन दीर्घिका आपल्या आकाशगंगेबरोबर चालल्या आहेत. गाढव मीच होतो!”

“ता आमका कधीचाच ठावक आसा,” एक मासेवाली म्हणाली. “आता उतरा मास्तर, होडी मोडात.”

या वेळी लोक मला हसले. चार दिवसांनी तांडेल बंदरावर परतला. कुणीतरी वारा कसा आहे ते विचारलं आणि त्याने सांगितलं. त्या दिवशी होड्या त्याच्या शब्दावर सुटल्या.

मला मात्र त्याने माफ केलं नाही. मी बंदरावरून जाऊ लागलो की तो बाकीच्यांना मोठ्याने बजावायचा, “हळू बोला रे, मास्तर हसतले.”