लेकीचं नेट मी बंद केलं

या वयातही मी मोबाइलवर बंदुकीचा गेम खेळायचो. गेम अडकायला लागला, की राऊटरला जोडलेल्या फोन-लॅपटॉपच्या यादीत जाऊन घरातल्या बाकीच्यांचं नेट बंद करायचो.

नांदगाव खंडेश्वरची आमची शेती सलग काही वर्षं बुडालेली. घराची आस लेकीच्या नोकरीवर. त्या दुपारी आतल्या खोलीत तिची ऑनलाइन मुलाखत चालू आहे, हे विसरून मी तिच्याही लॅपटॉपचं नेट बंद केलं.

ती रडतच बाहेर आली. “बाबा, मधातच नेट गेलं. फोन केला, तर आता परत घेत नाही म्हणतेत.”

मी हादरलो. पण तोंडातून निघालं, “थांब, त्या नेटवाल्याले पाहतो!” फोन लावून त्याला वाट्टेल ते बोललो.

तिनंच हातातून फोन घेतला. “जाऊ द्या ना बाबा, त्या बिचाऱ्याची काय चूक?”

तिला खरं अजूनही ठाऊक नाही.