मामाजींची जीभ

माझे सासरे गावात मीठ चाखण्यासाठी प्रसिद्ध होते. पोटाचं काम धानशेतीचं. पण मूल शहराजवळच्या आमच्या गावात लग्न असो की तेरवी, वांग्या-आलूच्या भाजीचा गंज चुलीवरून उतरवण्याआधी आचारी त्यांना बोलावणं पाठवायचा. ते घाई न करता जायचे. पळीतला रस्सा तळहातावर घ्यायचे, डोळे मिटून चाटायचे आणि बहुतेक वेळा म्हणायचे, मीठ कमी हाय. मग गंजात मूठभर मीठ पडायचं, ते पुन्हा चाखायचे, मान हलवायचे, आणि तेव्हा कुठे पंगत बसायची. गावाला वाटायचं, या माणसाच्या जिभेवर देव बसलेला आहे.

मी त्यांच्या घरात सून म्हणून आले आणि देव काय आहे ते मला महिनाभरात कळलं. ताट समोर आलं की घास तोंडात जाण्याआधीच ते भाजीवर मीठ भुरभुरवायचे. ताटाच्या कडेला मिठाचा ढीग वेगळा. जिरं करपलं, डाळ कच्ची राहिली, चिंच जास्त झाली, यातलं त्यांना काहीही कळत नसे. सासूबाई गेल्या, त्यांच्या तेरवीलाही हे उठून गंजाजवळ गेले आणि बाईच्या नावाच्या जेवणात मीठ कमी आहे म्हणून सांगून आले. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडे मान देऊन पाहणं सोडलं. तोंडाने मामाजी म्हणायची, तेवढंच.

पुढे त्यांचे पाय सुजायला लागले. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून भिंतीला टेकून बसून झोपायचे. नवरा आणि मी त्यांना जीपने ब्रह्मपुरीला घेऊन गेलो. डॉक्टरांनी तपासलं, हृदय थकलंय आणि रक्तदाब फार वाढलाय म्हणाले, गोळ्या लिहून दिल्या. मग विचारलं, घरी स्वयंपाक कोण करतं. नवऱ्याने माझ्याकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी मला दिवसभराचं मीठ किती ते चमच्याने दाखवलं आणि लोणचं, पापड, सुकट, फरसाण, सगळं बंद करायला सांगितलं. मीठ शरीरात पाणी धरून ठेवतं, सूज त्याचीच आहे, इतकं सोपं करून सांगितलं की बैलालाही कळलं असतं. परतीच्या जीपमध्ये मामाजी अनोळखी लोकांना सांगत होते की डॉक्टर कालचं पोरगं आहे, मीठ सोडलं की माणूस मरतो.

गावात पारावर बसणारे त्यांचे मित्र त्याहून शहाणे. एकाने सैंधव मीठ खायला सांगितलं, ते देवाच्या उपासाला चालतं म्हणून आजाऱ्यालाही चालतं, असं त्याचं शास्त्र. चुलत दिराने तालुक्याहून कमी सोडियमच्या मिठाची पिशवी आणली आणि उपकार केल्यासारखी माझ्या हातात दिली. मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, तुमच्या सासऱ्यांच्या गोळ्यांबरोबर ते मीठ धोक्याचं आहे, अजिबात देऊ नका, आणि सैंधव हे शेवटी मीठच. मी पिशवी दिराला परत केली. त्याला राग आला. ज्यांना कधी साधी कणीक भिजवता आली नाही, ती सगळी माणसं त्या दिवसांत माझ्या चुलीबद्दल मत बाळगून होती.

सुरुवातीला मी फक्त मीठ कमी केलं, बाकी स्वयंपाक नेहमीचाच. जेवण खरोखर गिळवत नव्हतं. मामाजींनी दुसऱ्याच दिवशी ताट सरकवलं.

"हे बैलाले घाल," ते म्हणाले.

मला त्यांचा पुळका नव्हता. पण पुढ्यातलं ताट पायाने नाही तरी हाताने ढकलणाऱ्या माणसाला मला जिंकू द्यायचं नव्हतं. मी चुलीपाशी बसून पहिल्यांदा नीट विचार केला की मीठ नसेल तर जिभेला काय द्यायचं.

आंबट द्यायचं. आमच्याकडे आंबटाला काय कमी. अंबाडीचा पाला, चिंच, उन्हाळ्यात कैरी, नाहीतर लिंबू. आधी मी चिंच फोडणीतच शिजवायची, तर तिचा आंबटपणा मरून जायचा. मग शेवटी, भाजी उतरवताना घालायला लागले. कांदा पिवळा नाही, पार तपकिरी होईपर्यंत परतायचा. लसूण ठेचून तेलात खमंग करायचा. हिरवी मिरची निखाऱ्यावर भाजायची, वांगंही. रस्सा पाणीदार ठेवायचा नाही, आटवायचा, म्हणजे भाजीची स्वतःची चव दाट होते. जवस आणि तीळ भाजून कुटून बिनमिठाची चटणी. तलावातली ताजी मासळी अंबाडीत शिजवली आणि वरून भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, टाकली की तिला मिठाची फारशी आठवण येत नाही. आणि एक गोष्ट मला आपोआप सापडली. भाजीत मीठ शिजवलं तर ते हरवून जातं, तेच चिमूटभर ताटात वरून टाकलं तर जिभेला आधी भेटतं. म्हणून मी सकाळी त्यांचं दिवसभराचं मीठ एका डबीत घालून त्यांच्यासमोर ठेवायची. सकाळीच संपवलं तर रात्री मिळणार नाही, एवढंच सांगितलं होतं. दोनदा त्यांनी संपवलं. दोनदा मिळालं नाही.

दोन वेगळी भांडी मी चढवली नाहीत. घरात सगळ्यांनी तेच खायचं. नवरा बसस्टँडवर समोसे खाऊन यायचा आणि घरी भूक नाही म्हणायचा. बापाच्या तब्येतीसाठी त्याने केलेला त्याग तेवढा.

नणंद गोंडपिपरीला दिलेली. तिने कोणाच्या तरी हाती कपड्यांच्या पिशवीत लपवून लोणच्याची बरणी पाठवली. धानाच्या पोत्यांमागे मला ती सापडली, अर्धी झालेली. मामाजींच्या पायांची सूज त्या आठवड्यात पुन्हा वाढली होती, म्हणून मी शोधत होते. त्यांच्यासमोरच मी बरणी खताच्या खड्ड्यात पालथी केली. त्यांनी पारावर जाऊन सांगितलं की सून उपाशी मारते. मासळी घेऊन येणारी बाई मला हे ऐकवून गेली, वर म्हणाली, म्हातारं माणूस, खाऊ द्या ना बाई, किती दिवस राहिले. मी तिच्याकडून मासळी घेतली आणि दार लावलं.

हिवाळा येईपर्यंत सूज उतरली. ते आडवे होऊन झोपायला लागले. काठीशिवाय बांधावर जाऊन यायचे. ब्रह्मपुरीच्या डॉक्टरांनी एक गोळी कमी केली. मामाजींनी सगळीकडे सांगितलं की आपलं शरीर मुळातच दणकट.

मग नणंदेच्या मुलीचं लग्न आलं. गोंडपिपरीला मांडव पडला. आचारी जुना, मामाजींना ओळखणारा. रिवाजाप्रमाणे त्यांना गंजाजवळ बोलावलं. मी त्यांना चाखा, पण खाऊ नका, असं सांगून बायकांत जाऊन बसले. तिथून गंज दिसत होता.

मामाजींनी हातावर रस्सा घेतला, डोळे मिटून चाटला, आणि लगेच जमिनीवर थुंकले. भाजी खारट झाली म्हणाले. आचाऱ्याने स्वतः चाखली. त्याच्या हाताखालच्यांनी चाखली. जावयांना बोलावलं, त्यांनीही चाखली. सगळे म्हणाले, बरोबर आहे. मामाजी हटेनात. अख्खं आयुष्य लोकांनी त्यांचं ऐकलेलं, आताही ऐकलंच पाहिजे होतं. शेवटी आचाऱ्याने नाइलाजाने पाणी आणि उकडलेले आलू घातले, कारण मुलीचा आजोबा सांगत होता.

पंगत बसली आणि पहिल्या घासानंतर वराकडची माणसं मीठ मागायला लागली. वाढपी भाजीऐवजी मिठाची वाटी घेऊन फिरत होते. कोणीतरी हसलं, मग ओळभर हसले. मी जेवायला बसले तेव्हा भाजी मला अगदी जशी हवी तशी लागली. मी पोटभर जेवले.

नणंद बापासमोर उभी राहिली. "बाबा, तुमची जीभ गेली," ती म्हणाली.

मामाजींनी माझ्याकडे हात केला. "गेली नाई. हिनं नेली."

त्या घराण्याने मला दिलेली ती एकमेव पावती. येताना जीपमध्ये ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि मला त्याचा आनंद झाला, इतका की घरी येईपर्यंत पुरला.

त्यानंतर गावातल्या कुठल्याच आचाऱ्याने त्यांना बोलावलं नाही. गोंडपिपरीची गोष्ट आमच्या आधी गावात पोहोचली होती. शेजारच्या घरी बारसं झालं, तेव्हा मामाजी धुतलेलं धोतर नेसून ओसरीत बसले होते. बोलावणं जेवायला आलं, चाखायला नाही. ते गेले, दोन घास खाऊन परत आले आणि मला भाकर मागितली. मी अंबाडीची भाजी वाढली. ती त्यांनी सगळी खाल्ली. मला त्यांची कीव येईल असं वाटलं होतं, पण आली नाही. ज्या बाईने त्यांना आयुष्यभर रांधून घातलं तिच्या तेरवीतला तो गंज मला आठवत होता.

आता ते जेवताना बोलायला लागले आहेत. लसूण जळला म्हणतात, आणि तो खरंच जळलेला असतो. चिंच नवी आहे का म्हणून विचारतात. मी हो किंवा नाही एवढंच सांगते.

पण पारावर त्यांनी नवीन दुकान उघडलंय. कोणाला रक्तदाब निघाला की तो आधी मामाजींकडे येऊन बसतो. ते त्याला सांगतात की आंबट शेवटी घालायचं, कांदा तपकिरी होऊ द्यायचा, मीठ ताटात वरून घ्यायचं, आणि सैंधव म्हणणाऱ्याला हाकलून द्यायचं. हे सगळं आपण स्वतःच्या डोक्याने शोधलं, घरातल्या बायकांना शिकवता शिकवता दमलो, असंही सांगतात. परवा मी पाण्याची गुंडी घेऊन तिथून जात होते, तेव्हा एक जण आदराने विचारत होता, भाऊ, तुम्हाले हे सुचलं कसं.

मामाजींनी मला पाहिलं आणि आवाज जरासुद्धा कमी न करता सांगत राहिले. मी गुंडी दुसऱ्या कडेवर घेतली आणि घरी आले. चुलीवर डाळ होती.