कप्तानचं वजन

पूर्णे गावात माझ्या घरासमोर कमळ राहते. तिच्या सासरच्या शेतजमिनीवर गोडाऊन उभं राहिलं आणि पाठोपाठ तिच्या नवऱ्याने, केसरीनाथने, नवा बंगला बांधला. बंगल्यात आरशासारख्या चकचकीत लाद्या आहेत. त्या लाद्यांवर त्यांचा अकरा वर्षांचा कुत्रा, कप्तान, पहिल्यांदा घसरला तो १२ जानेवारीला. मागचे पाय दोन्हीकडे फाकले आणि तो तसाच पडून राहिला. कमळने पदर खोचला, त्याला पोटाखालून धरून उभं केलं आणि मला हाक मारली, ‘‘काकी, डॉक्टरकडं येताव का?’’

डॉक्टरांनी सांधे दाबून पाहिले. वजन चौतीस किलो. ‘‘निदान सहा किलो उतरवा. घसरत्या जागी चालवू नका, आणि माणसांच्या गोळ्या अजिबात नकोत,’’ ते म्हणाले. त्यांनी औषध लिहून दिलं आणि रोज थोडं थोडं चालवायला सांगितलं.

कमळच्या मुलाला, दीपेशला, हे पटलं नाही. मे महिन्यात त्याच्या बहिणीचं, उन्नतीचं लग्न होतं. ‘‘आये, पावणे येतील आन् हा दारात घाण करून पडलेला असंल. हळदीपर्यंत सोताच्या पायावर उठला न्हाय, तर गोडाऊनवर नेऊन बांधीन.’’

‘‘बांध. पण हळदीपर्यंत तोंड उघडू नको,’’ कमळ म्हणाली.

तिने गोडाऊनमधली रिकामी पोती धुऊन ओटीपासून मोरीपर्यंत अंथरली. बंगल्याची शोभा गेली म्हणून केसरीनाथ कुरकुरला, तर त्यालाच पोत्यांच्या कडा शिवायला बसवलं. सकाळ-संध्याकाळ ती कप्तानला फाटकापर्यंत चालवी. त्याच्या पोटाखालून जुनं लुगडं घेऊन दोन्ही टोकं ती हातात धरी. दर सोमवारी गोडाऊनच्या वजनकाट्यावर त्याला उभं करी. हमाल ओरडत, ‘‘काकी, माल आया? किधर का पार्सल है?’’

‘‘अंजूर गाव का. हात मत लगाना, टूटेगा!’’

आकडे मी लिहून ठेवत होते. तीन सोमवार झाले तरी चौतीस. चौथ्या सोमवारी चौतीस किलो दोनशे. मी कमळला बसवून त्याचं दिवसभराचं खाणं विचारलं. तिने सगळं सांगितलं: भात मोजून, मासळीचं डोकं बंद, बिस्किटं बंद.

‘‘आणि शेवटची भाकरी?’’

‘‘ती त घालावीच लागते! चुलीवरची शेवटची भाकरी कुत्र्याचीच. ती काय जेवण हाय? ती धर्माची.’’

‘‘कमळ, काट्याला धर्म कळत नाही.’’

सासूने घालून दिलेली रीत मोडायची तिची तयारी नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिने शेवटची भाकरी बांगडीएवढी थापायला घेतली. रीत राहिली आणि मार्चअखेर काटा एकतीसवर आला. हळदीच्या आधीच्या सोमवारी अठ्ठावीस किलो सहाशे. पण कप्तान अजून लुगड्याच्या आधारानेच उठत होता.

हळदीला मांडवात चारशे माणसं आणि मटणाची पातेली. कमळने बॅन्जोवाल्याच्या हातातून माईक घेतला. ‘‘आयका! आमच्या कप्तानला कोणी हाड टाकलं, त्याला माझ्या घरी जेवण न्हाय!’’

सगळे हसले. तिच्या नणंदेने, चंद्राने, तरीही लाडाने एक नळी टाकलीच. कमळने हळदीच्या हातांनी ती कप्तानच्या जबड्यातून ओढून काढली.

‘‘वैनी! मुक्या जनावराच्या तोंडातला घास काढतंस? पाप लागंल!’’

‘‘लागू दे. चार महिने त्याला उचलतंय, पाप पण उचलीन.’’

चंद्रा फुगून बसली.

सकाळी मी चहाला गेले. मांडवात पत्रावळी आणि हाडं पसरली होती. कप्तान पोत्यावर पडून वास घेत होता. कमळ लुगडं आणायला आत वळली आणि तेवढ्यात त्याने पुढचे पाय रोवले. मागचे थरथरले, एकदा बसले, पुन्हा उचलले गेले. तो उभा राहिला आणि कोणाच्याही आधाराशिवाय मांडवाकडे चालू लागला.

दीपेश खुर्च्या उचलत होता. तो थांबला. ‘‘आये, उठला की गं!’’

‘‘मना पण दिसतंय. बघत काय ऱ्हायलास? तो पोचायच्या आत ती हाडं झाडून काढ!’’